मेनूतली कोरी ओळ

१

हे सगळं झालं त्याआधी आमची सकाळ अशी असायची. आठला मी दोन गोष्टी चालू करतो, गॅस आणि कॉम्प्युटर. चहाला उकळी येते न येते तोच काळ्या पडद्यावर तीन ओळी उमटतात आणि खाली दहापासून उलटी मोजणी सुरू होते. तीन ओळी म्हणजे एकाच डिस्कवर नांदणारी तीन बिऱ्हाडं. पहिली जुनी सिस्टिम, ती ताईची. दुसरी नवी, घरच्या कामाची. तिसरी माझ्या धंद्याची, कारण बावीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत बसून मी लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. सकाळी कोणत्या बिऱ्हाडाला उठवायचं, ते डिस्कच्या तोंडाशी असलेला एक चिमुकला भाग बघतो. त्याला बूट पार्टिशन म्हणतात. गिऱ्हाइकांना मी सांगतो, हा इमारतीचा वॉचमन आहे. खोली सगळ्यांत लहान, पण हा रुसला तर मालकसुद्धा बाहेर.

आमच्याकडे दहा सेकंद कधी पूर्ण होत नाहीत. ताईला दम कुठला! सहा-सातवरच ती पहिल्या ओळीवर एंटर दाबते, खुर्ची पुढे ओढते आणि दोन बोटांनी टाइप करायला लागते. मग स्पीकरमधून तिचा आवाज येतो.

"खटपट्या, आज तरी साखर घातलीस का?"

खटपट्या म्हणजे मी. आणि तो आवाज खरोखर तिचा आहे. ताईने सव्वीस वर्षं बसस्थानकावर घोषणा केल्या. फलाट क्रमांक, गाडी सुटण्याची वेळ, हरवलेली पोरं, सापडलेल्या छत्र्या. घरीही तीच सवय. जेवायला बोलवायची तेसुद्धा असं, की शेजारच्यांनी हात धुऊन पानावर बसावं. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशनच्या आधी अकरा दिवस ती याच खोलीत मायक्रोफोनसमोर बसली आणि सोळाशे वाक्यं वाचली. त्या वाक्यांवरून एका प्रोग्रामने तिचा आवाज बनवला. थोडा सपाट होता. राग, लाड, टोमणा, सगळं एकाच पट्टीत. पण आमचं भागत होतं.

तो आवाज मला किती हवा होता, हे सांगून ठेवतो. आई गेली तेव्हा मी सहावीत होतो. पुढे मला वाढवलं ते ताईने. आणि चार वर्षांपूर्वी मी मेन स्विच न पाडता छताचा पंखा उतरवायला चढलो, झटका खाऊन स्टुलावरून खाली आलो, तेव्हा माझं हृदय थांबलं होतं. ताईने दारात उभं राहून एकच हाक मारली. शिवणकाम करणाऱ्या काकू, पलीकडचा सुतार, रस्त्यावरून जाणारी एक नर्स, सगळे धावले. नर्सने छाती दाबली. डॉक्टर म्हणाले, तीन मिनिटं उशीर झाला असता तर आम्हाला सांगायला काही उरलं नसतं. मी त्या हाकेमुळे आहे. हे मी रोज म्हणत नाही, पण रोज माझ्या डोक्यात असतं.

२

आवाज बनवणाऱ्या कंपनीने वर्षभरात गाशा गुंडाळला. प्रोग्राम त्याच एका जुन्या सिस्टिमवर, त्याच एका डिस्कवर चालायचा. दुसरीकडे टाकला की नोंदणी मागायचा आणि नोंदणी करून देणारं आता कोणी राहिलं नव्हतं. म्हणजे ताईचा आवाज एका पत्र्याच्या डबीत होता, आणि परवापासून ती डबी कुरकुरायला लागली होती.

डिस्क कुरकुरली की तिची नक्कल काढून ठेवायची, हे मी जगाला शिकवतो. स्वतःच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. शेवटी बुधवारी दुपारी, ताई काकूंकडे गप्पा मारायला (म्हणजे पाटीवर लिहून भांडायला) गेली असताना, मी नवी डिस्क आणली. मुद्दाम त्याच कंपनीची, तेवढ्याच आकाराची, म्हणजे नक्कल तंतोतंत बसेल.

आता आमच्या धंद्यातली गंमत सांगतो. डिस्कना क्रमांक देताना काही प्रोग्राम शून्यापासून मोजतात, काही एकपासून. मी आधी नव्या सिस्टिममधून बघितलं. तिथे जुनी डिस्क शून्य, नवी डिस्क एक. ते कागदावर लिहून घेतलं. मग कॉम्प्युटर बंद करून माझ्या दुरुस्तीच्या पेनड्राइव्हवरून चालू केला आणि नवी डिस्क आधी कोरी करायला आज्ञा दिली, डिस्क एक. तो प्रोग्राम एकपासून मोजतो. मला हे माहीत आहे. मी गिऱ्हाइकांना यावर भाषण दिलेलं आहे. त्याने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की.

चार टक्के झाले तेव्हा मला ती कुरकुर ऐकू आली. नवी डिस्क कशाला कुरकुरेल?

त्या प्रोग्रामच्या मोजणीत डिस्क एक म्हणजे जुनी! मी वायरच उपटली. पण चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन झाली होती. डिस्कची सुरुवात पुसली गेली होती, म्हणजे पार्टिशनची यादी (कोणतं बिऱ्हाड कुठून कुठपर्यंत), बूट पार्टिशन, आणि त्यालाच लागून असलेली, सगळ्यांत आधी बसवलेली ताईची जुनी सिस्टिम. मी चालू करून बघितलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ, चालू करण्याजोगं काही सापडलं नाही. मी जमिनीवर बसलो. पन्नाशीचा माणूस, पण रडलो.

३

ताई संध्याकाळी आली, बंद पडदा बघितला आणि पाटीवर लिहिलं, "काय झालं?"

"आवाजाला सर्दी झालीय," मी म्हटलं. "उद्या दुपारपर्यंत बरा होईल."

ती हसली. तिचं हसणं आता नुसतं खांद्यांत असतं. "औषध नीट दे," तिने लिहिलं आणि आत गेली. एवढा विश्वास माझ्यावर कोणी ठेवू नये.

सकाळी उजाडताच मी कामाला बसलो. पार्टिशनच्या यादीची एक प्रत डिस्कच्या शेवटीही असते, ती शाबूत निघाली. त्यावरून सीमा परत आखल्या. नवी सिस्टिम सापडली, माझी सापडली, दोन्ही धडधाकट. ताईच्या जागेत मात्र सगळीकडे शून्यं. पान उलटत गेलो, शून्यंच. तिथे एक अक्षर उरलं नव्हतं. मी तीनदा तपासलं. मग जड हातांनी बूट पार्टिशन नव्याने बनवलं, मेनूच्या फाइलमध्ये दोन नोंदी लिहिल्या, आणि ताईला काय सांगायचं याचं वाक्य जुळवत कॉम्प्युटर परत चालू केला.

मेनू आला. तीन ओळी होत्या.

दोन मी लिहिलेल्या. तिसरी कोरी. म्हणजे नाव नाही, अक्षर नाही, फक्त निवडलेल्या ओळीवर येते ती पांढरी पट्टी, आणि ती पट्टी तिथेच बसलेली. मी वरचा बाण दाबला. पट्टी हलली नाही. मोजणी दहापासून खाली आली. मनात म्हटलं, फाइलमध्ये एखादी मोकळी ओळ राहून गेली असेल, शून्य आलं की चूक दाखवेल आणि थांबेल.

शून्य आलं. जुन्या सिस्टिमची निळी खिडकी उघडली, तीच ताईची चिन्हं, तीच डावीकडची गर्दी. प्रोग्राम आपोआप सुरू झाला. मी एक अक्षर टाइप केलं, "ए."

"ए," ताईचा आवाज म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. मी त्या पत्र्याच्या डब्याला हात जोडले. कसं, कुठून, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. आंधळा मागतो एक डोळा, अशी माझी गत होती.

४

ताई येऊन बसली. टाइप केलं, आणि आवाज आला, "बरी झाली का रे सर्दी?"

त्या वाक्यात चेष्टा होती. सपाट पट्टी गेली होती. "का रे" म्हणताना आवाज वर गेला, अगदी तिचा जायचा तसा, आणि शेवटी श्वास ऐकू आला. ताईने परत टाइप केलं. मग परत. भराभर, दोन्ही हातांनी. फलाट क्रमांक चारवरची गाडी, सापडलेली छत्री, काकूंचं नाव काढून एक टोमणा. प्रत्येक वाक्य जिवंत आलं. काकू पलीकडून हातातलं कापड घेऊन धावत आल्या.

"अगं बाई, बोलायला लागलात की काय?"

"मशीन बोलतंय हो," मी म्हटलं.

"मशीन कुठलं? मला काय आवाज कळत नाही होय?" काकूंनी डोळ्यांना कापड लावलं.

ताईने माझा हात धरला, स्वतःच्या कपाळाला लावला आणि टाइप केलं, "तुझे उपकार कसे फेडू?" ते वाक्य स्पीकरमधून आलं तेव्हा त्यातही पाणी होतं. माझ्या चुकीचं श्रेय मी गुपचूप खिशात घातलं. मला लाज वाटत होती आणि आनंदाने छाती भरून आली होती.

दुपारी ती लवंडल्यावर मी डिस्कची माहिती उघडली. नक्कल काढून ठेवू, या वेळी कागदावर दोन्ही क्रमांक लिहून. डिस्कवरच्या जागेला पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमांक असतात, रस्त्यावरच्या घरांना असावेत तसे. या सिस्टिमला एकच पार्टिशन दिसत होतं, तिचं स्वतःचं. त्याची सुरुवात जिथून होत होती तो क्रमांक मी आमच्या डिस्कच्या क्रमांकांशी ताडून बघितला.

आमची डिस्क जिथे संपते, त्याच्या पुढच्या घरापासून ते सुरू होत होतं.

दाखवण्यातली चूक, मी स्वतःला म्हटलं. यादी मोडली होती, आकडे घसरले असतील. नवी डिस्क मी बुधवारीच काढून ठेवली होती. मी कॉम्प्युटर बंद केला, डबा उघडला आणि जुन्या डिस्कची वायर काढून हातात धरली. आता यात काहीच नव्हतं. चालू केल्यावर कालचीच ओळ यायला हवी. चालू केला. पडद्यावर मेनू आला. माझ्या दोन ओळी नव्हत्या. कोरी ओळ होती, तिच्यावर पांढरी पट्टी, आणि दहा, नऊ, आठ.

मी मेन स्विच पाडला. वायर परत जोडली, डबा बंद केला, स्क्रू घट्ट केले. ताईला काही सांगितलं नाही. नक्कल काढायचा विषयही परत काढला नाही.

५

आठवडाभर घरात सण असावा तसं होतं. ताई फोनवर बोलली. बसस्थानकावरच्या जुन्या मैत्रिणींना स्पीकरसमोर फोन धरून तिने हसवून हसवून बेजार केलं. मी कृतज्ञतेने ऐकत असायचो. पण धंद्याने लावलेली सवय वाईट. मशीन नीट चालत असलं तरी कान तिकडेच.

आधी मला टकटक ऐकू आली. आवाजाच्या मागे, अगदी बारीक, ठरावीक अंतराने. टक. टक. स्पीकरची वायर बदलली, तरी टक. ताई बोलत नसेल तेव्हा नाही, बोलायला लागली की आहे. जणू तेवढ्यापुरती कोणी खिडकी उघडावी. तीन दिवसांनी मला तो आवाज ओळखता आला. आमचा जुना छताचा पंखा फिरताना तसा वाजायचा. मी झटका खाल्ल्यानंतर सुताराने तो उतरवला आणि भंगारात दिला, त्याला चार वर्षं झाली. मी आमचा नवा पंखा बंद करून ऐकलं. टक. टक.

रेकॉर्डिंगमध्ये आला असेल, मी म्हटलं. मग आठवलं, रेकॉर्डिंग दोन वर्षांपूर्वीचं.

दुसरी गोष्ट वेळेची. आधीचा प्रोग्राम एंटर दाबला की लगेच बोलायचा. आता थोडं थांबायचा. मी घड्याळ लावून बघितलं. छोट्या वाक्याला कमी थांबायचा, मोठ्याला जास्त. एखाद्याला डोळ्यांनी वाचून बघायला लागतो तेवढा वेळ. ताईने घाईत अक्षर चुकवलं तर आवाज ते सुधारून म्हणायचा. एकदा तिने लांबलचक काहीतरी टाइप केलं, वाक्य निम्म्यावर आलं आणि मध्येच एक जांभई ऐकू आली. ताईला वाटलं मी दिली. मी तिला तसंच वाटू दिलं.

आणि मग आठवड्यानंतर एका सकाळी ती टाइप करत होती. "मला वाटतं की" एवढं झालं आणि दारावर पोस्टमन आला म्हणून तिने चुकून एंटर दाबला आणि वळली.

"मला वाटतं की," आवाज म्हणाला.

मी पोस्टमनकडून पाकीट घेतलं, सही केली, दार लावलं. खोलीत शांतता होती. टक. टक.

"की काय?" आवाजाने विचारलं.

६

ताईचे हात कीबोर्डपासून दोन फुटांवर होते. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. पलीकडे कोणीतरी वाट बघत होतं, श्वास ऐकू येत होता.

ताईने कीबोर्डला हात लावला नाही. टेबलाच्या खणातून पाटी काढली आणि पडद्याच्या मागे, आडोशाला धरून लिहिलं, "तुला माहीत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली. मग सगळं सांगितलं, तेही पाटीवर लिहून, कारण मोठ्याने बोलायची हिंमत होईना. शून्य आणि एक. चार टक्के. शून्यांनी भरलेली जागा. डिस्कच्या पुढचं घर. पंखा. एका पाटीत मावेना म्हणून पुसून पुसून लिहिलं. मला वाटलं ती घाबरेल, निदान चिडेल. तिने सगळं वाचलं आणि लिहिलं, "म्हणजे आठवडाभर ती बिचारी बसून माझं बोलतेय?"

ती. ताईने लगेच "ती" म्हटलं. मी आठवडाभर जे मनात येऊ दिलं नव्हतं ते तिने एका अक्षरात करून टाकलं.

"कोण आहे, कशाला बोलतेय, आपल्याला माहीत नाही," मी लिहिलं. "बंद करतो."

तिने माझ्या हातातून खडू काढून घेतला. मग वळून कीबोर्डवर टाइप केलं, "काही नाही. पोस्टमन आला होता. थांबलीस, तुझे आभार."

वाचण्याएवढा वेळ गेला. मग त्या आवाजाने ते सगळं म्हटलं, शेवटच्या "आभार"पर्यंत, आणि थोडा हसला. हसता हसता खोकला. ताईचा चेहरा बदलला. तिने परत टाइप केलं, फलाट क्रमांक आठ, अठरा, अठ्ठावीस. आवाज म्हणत गेला. "अठ्ठावीस"च्या "ठ्ठा"वर तो फाटला, जाड झाला, मग परत जागेवर आला.

ताई खडूने भराभर लिहायला लागली. "ऐकलंस? माझंही असंच सुरू झालं होतं. अठ्ठावीसवरच अडायचा. सात महिने गोळ्या चघळत बसले."

मला आठवलं. घशाचे डॉक्टर म्हणाले होते, चार महिने आधी आला असतात तर स्वरयंत्र वाचलं असतं, नुसत्या किरणांवर भागलं असतं. त्या माणसाचे आमच्यावर उपकार आहेत, ताईला त्यानेच वाचवलं. पण हे वाक्य ऐकल्यानंतर मी कित्येक रात्री झोपलो नव्हतो.

"तिला सांगायला हवं," ताईने लिहिलं.

आणि मी, जो त्या आवाजामुळे जिवंत आहे, काय लिहिलं? "ती उठून गेली तर तुझ्यासाठी कोण बोलणार? चार दिवस थांबू."

ताईने ते वाचलं. मी सहावीत असताना खोटी सही केली होती, तेव्हा बघितलं होतं तसं माझ्याकडे बघितलं. मी पाटी पुसली. तिने खुर्ची पुढे ओढली.

७

तिने हळूहळू टाइप केलं, एकेक अक्षर तपासून. मी खांद्यावरून वाचत होतो.

"तुझा घसा डॉक्टरांना दाखव. उद्या नको, आज. हा सर्दीचा आवाज नाही. माझं उशिरा कळलं म्हणून माझा आवाज गेला. तुझा अजून राहील."

तिचं बोट एंटरवर थांबलं. ती आपल्याच आवाजाला निरोप देत होती हे तिला ठाऊक होतं, मलाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने एंटर दाबला.

पंखा वाजत राहिला. वाचायला लागतो त्याहून खूप जास्त वेळ गेला. मग आवाज बोलायला लागला, सांगितल्याप्रमाणे, शब्दाला शब्द. "तुझा घसा डॉक्टरांना दाखव." पहिलं वाक्य तिने घोषणेसारखं म्हटलं, सवयीने. "उद्या नको, आज." दुसरं सावकाश. "माझा आवाज गेला" म्हणताना ती थांबली, आणि शेवटचं वाक्य तिने म्हटलंच नाही. कागद चाळवल्यासारखा आवाज आला. खुर्ची मागे सरकली, आमची खुर्ची सरकते तशीच, एका पायावर कुरकुरून.

मला वाटलं, गेली. ताईनेही हात मांडीवर ठेवले.

तेव्हा आवाज आला. मायक्रोफोनच्या अगदी जवळून, जणू कोणी वाकून बोलत होतं. आम्ही काहीही टाइप केलेलं नव्हतं.

"खटपट्या आहे का गं तिकडे?"

प्रश्न साधा होता, पण विचारण्याची तऱ्हा तशी नव्हती. ज्या माणसाबद्दल विचारायची सोय उरलेली नसते, त्याच्याबद्दल कोणी असं विचारतं. त्या बाईने आठवडाभर परक्या घरच्या गप्पा का वाचल्या, साखरेपासून छत्र्यांपर्यंत सगळं जांभया देत का म्हटलं, ते मला त्या क्षणी कळलं. त्या गप्पांत रोज सकाळी माझं नाव असायचं. तिकडे तो पंखा अजून छताला होता, आणि मी नव्हतो.

ताईने कीबोर्ड उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

मी आयुष्यात हजारो आज्ञा टाइप केल्यात. ही एक ओळ लिहायला मला जेवढा वेळ लागला तेवढा कशालाच लागला नसेल. शेवटी लिहिलं, "आहे, ताई. इथेच बसलोय. धडधाकट आहे. तू आधी डॉक्टरांकडे जा."

"आहे, ताई," आवाज म्हणाला, आणि पुढे येईना. दीर्घ श्वास घेतल्याचं ऐकू आलं. परत पहिल्यापासून. "आहे, ताई. इथेच बसलोय." पुन्हा थांबला. "इथेच बसलोय," असं तिने आणखी एकदा म्हटलं, मी एकदाच लिहिलं होतं. मग हुंदका आला आणि त्यातूनच, भांडखोरपणे, अगदी आमच्या ताईसारखं, "जाते रे बाबा, जाते. लगेच जाते."

पावलं वाजली. कुठलंसं कपाट उघडलं. पंख्याचं बटण खटकन बंद झालं आणि टकटक हळू होत होत थांबली. दाराला बाहेरून कडी लागली.

पडदा काळा झाला. मेनू आला. दोन ओळी, मी लिहिलेल्या. दहापासून मोजणी सुरू झाली आणि पांढरी पट्टी नव्या सिस्टिमवर जाऊन बसली, नियमाप्रमाणे. मी बाण दाबला. पट्टी खाली सरकली, परत वर आली. तिसरी ओळ नव्हती. त्या दिवशी डिस्कच्या पुढच्या जागेत काहीही नव्हतं, आणि नंतर कधीच सापडलं नाही.

मी ताईची माफी मागितली. बुधवारच्या चुकीची, आणि चार दिवस थांबू म्हटल्याची. तिने माझे गाल पुसले, मग स्वतःचे, आणि पाटी जवळ ओढली. खडू बारीक उरला होता, तरी अक्षर नेहमीसारखं मोठं, लांबून वाचता येईल असं.

"बरं झालं गेली," तिने लिहिलं. "ती एकटी आहे. तिला आवाज लागेल. माझं पाटीवर भागतं."